बाई पाण्यात आहे

"ही टोपी मी घालणार नाही," पिरोश्का म्हणाली आणि ती कडक कांजी केलेली पांढरी टोपी तिने टेबलावर अशी आपटली, की शेजारचा खडूंचा डबा उलटा झाला.

"मावशी, अहो, एवढ्याशा टोपीचा एवढा राग?" लेव्हेन्ते खाली वाकून खडू गोळा करू लागला. "तुमच्या आईच्या फोटोत आहे ना अशीच टोपी? तो फोटो बघूनच शिवून घेतली."

"माझी आई टोपी घालायची कारण वाफेने केसांतून पाणी गळायचं. फोटो काढायला नव्हती घालत."

लेव्हेन्ते हा बोर्बाला स्नानगृहाचा नवा व्यवस्थापक. पस्तिशीचा, कोरीव दाढीचा आणि बोलायला गोड. त्याच्या त्या गोडव्याचाच पिरोश्काला जास्त संताप यायचा. ओरडणाऱ्या माणसावर ओरडता तरी येतं.

"तुम्हीच सांगा," तो म्हणाला, "हिवाळ्यात बुडापेस्टला आलेला माणूस पहिलं काय करतो? गरम झऱ्यात डुंबतो. पण गरम झरे या गावात पावलोपावली आहेत. मग त्याने आपल्याकडेच का यावं? कारण आपल्याकडे तुम्ही आहात. ही किल्ली, हा खडू, हे पत्र्याचे बिल्ले. लोक फोटो काढतात, घरी जाऊन दाखवतात."

"म्हणजे मी पुलावरचा दगडी सिंह."

"सिंह भांडत नाही, मावशी. तुम्ही भांडता, ते लोकांना फार आवडतं."

पिरोश्काने टोपी उचलली, दोन बोटांत धरून कपाटाच्या वर फेकली आणि कामाला लागली.

पिरोश्का केरेकेश त्या स्नानगृहात केबिनवाली होती. तिच्याआधी तिची आई केबिनवाली होती. कामाची पद्धत साधी होती. बाई आली की तिला एक केबिन उघडून द्यायची. ती कपडे बदलून बाहेर आली की नाडीत ओवलेला पत्र्याचा बिल्ला तिच्या मनगटाला बांधायचा. बिल्ल्यावरचा आकडा एक आणि केबिनचा आकडा दुसराच. बिल्ल्यावरचा आकडा केबिनवाली दाराच्या आतल्या बाजूला असलेल्या छोट्या पाटीवर खडूने लिहायची आणि दाराला कुलूप घालायची. केबिनचा आकडा बाईने डोक्यात ठेवायचा. म्हणजे पाण्यात बिल्ला पडला आणि कुणा चोराच्या हाती लागला, तरी कुठलं दार उघडायचं ते त्याला कळत नसे. बाई परत आली की पाटी आणि बिल्ला ताडून बघायचा, बिल्ला काढून घ्यायचा आणि पाटी पुसायची.

"पाटीवर आकडा आहे तोवर बाई पाण्यात आहे," आई सांगायची. "तोवर ते दार उघडायचं नाही. पोप आला तरी नाही."

पोप कधी आला नाही, पण पिरोश्का लहान असताना एकदा चामड्याचा कोट घातलेला एक सरकारी माणूस आला होता. एका बाईची केबिन उघडून दाखवा म्हणाला. आई म्हणाली, बाई पाण्यात आहे. माणूस बाकावर बसला. दुपार झाली, कोटाच्या आत तो घामाने भिजला, आणि आई शांतपणे इतर केबिनी उघडत-लावत राहिली. ती बाई धोब्यांच्या दाराने, आईचाच ओव्हरकोट घालून, केव्हाच निघून गेली होती. आईने पाटी पुसली ती रात्री, आणि त्या दिवसाविषयी पुन्हा कधी घरात बोलली नाही.

आता केबिनींना विजेची कुलपं आली होती. पाहुण्याच्या मनगटावर रबरी पट्टा, पट्टा टेकवला की दार टुंग करून उघडतं. बॉयलरच्या भिंतीलगतची एक रांग तेवढी जुनी ठेवली होती, आणि तिथे पिरोश्काला उभं केलं होतं. रोज दहाच्या सुमाराला लेव्हेन्ते पर्यटकांचा घोळका घेऊन यायचा, परक्या भाषेत काहीतरी सांगायचा, मग पिरोश्काने कुणा एकीला बिल्ला बांधायचा, पाटीवर आकडा लिहायचा, दार लावायचं. लोक हसायचे. ती पाहुणी पाच मिनिटांत बिल्ला परत द्यायची, कारण तिचे खरे कपडे दुसरीकडेच, टुंग करणाऱ्या केबिनीत असायचे.

रिकाम्या केबिनीला कुलूप घालताना पिरोश्काचे दात एकमेकांवर घट्ट बसायचे.

*

पर्यटक झोपेतून उठेपर्यंतचा सकाळचा वेळ पूर्वी या भागातल्या म्हाताऱ्यांचा होता. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी दाखवली की नाममात्र पैशांत आत सोडायचे. नव्या वर्षापासून ते बंद झालं. आता आधी फोनवरून जागा राखायची आणि पर्यटकाचंच तिकीट घ्यायचं. ते परवडणारं म्हातारं माणूस या भागात एकही नव्हतं.

शारोल्टा तरीही रोज यायची. दाराबाहेर झऱ्याचं पाणी प्यायची जागा होती. तिथल्या नळावर अजून कुणी पट्टा मागत नव्हतं. तिथे बाकावर बसून ती पेल्यातून तो कुजक्या अंड्याच्या वासाचा कढत घोट घ्यायची आणि दोन्ही हात पेल्याभोवती धरून ठेवायची. शारोल्टा आयुष्यभर एका छोट्या नाटकमंडळीत प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या पुढच्या खोपटात बसून नटांना विसरलेली वाक्यं पुटपुटून द्यायची. त्या थंड, दमट खोपटाने तिचे गुडघे खाल्ले होते. या पाण्यात रोज अर्धा तास बसलं की ते दिवसभर चालू द्यायचे.

"आज कितीजणांनी फोटो काढले गं तुझे?" पिरोश्का बाहेर आली की ती विचारायची.

"मी मोजत नाही, शारीमावशी."

"मोजत जा. नटीने मोजायचे असतात. नाहीतर मॅनेजर फसवतो."

"गुडघे काय म्हणतात?"

"माझ्याशी बोलत नाहीत. रात्रभर आपसात कुरकुरतात." तिने काठी या हातातून त्या हातात घेतली. "गंमत बघ. डॉक्टर म्हणतो, पाण्यात बसा. पाणी म्हणतं, आधी फोन घ्या."

पिरोश्का हसली नाही. ती तशीच आत गेली, आणि टकटक न करता लेव्हेन्तेच्या खोलीत शिरली.

"एका म्हातारीने सकाळी पाण्यात बसलं तर तुमचं काय जातं?"

"एकीला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल, मावशी."

"मग सोडा सगळ्यांना!"

"वसंतात काहीतरी सवलत काढू. आत्ता हंगाम आहे. तुम्ही बसा ना, कॉफी घेता?"

"वसंतापर्यंत तिचे गुडघे थांबणार आहेत का? त्यांनाही सांगा तुम्हीच, हंगाम आहे म्हणून!"

"तुम्ही ना, सगळंच मनाला लावून घेता," लेव्हेन्ते म्हणाला. आणि खरोखर वाईट वाटल्यासारखा चेहरा केला.

*

जानेवारीच्या मध्याला, पिरोश्का नावाच्या बायकांचा नामदिन असतो (इथे प्रत्येक नावाला वर्षातला एक दिवस ठरलेला), त्या सकाळी बर्फ पडत होतं. एरवी या दिवशी तिच्या टेबलावर जागा उरायची नाही. सकाळच्या बायका घरी भाजलेले पोगाचे, छोटे खारे पाव, आणायच्या, कुणी जर्दाळूच्या दारूची छोटी बाटली आणायची, आणि तिचे गाल चुंबून सगळ्या पाण्यात उतरायच्या. या वर्षी टेबलावर खडूंचा डबा होता. तिकीट खिडकीवरच्या इबोयाने तेवढं येता येता एक चॉकलेट हातात कोंबलं होतं.

दहाला घोळका आला. लेव्हेन्तेने टाळी वाजवून काहीतरी जाहीर केलं आणि हसून पिरोश्काकडे हात केला. सगळ्यांनी तोंडं उघडली आणि वाढदिवसाचं गाणं म्हटलं. एका मुलाने तर शिट्टीही वाजवली.

"माझा वाढदिवस नाही आज," पिरोश्का म्हणाली.

"अहो, नामदिन म्हणजे काय ते त्यांना कुठे कळणार? वाढदिवस म्हटलं की पटकन कळतं."

"माझा वाढदिवस जूनमध्ये असतो!"

"हसा ना, मावशी. फोटो काढतायत."

पिरोश्काने हातातला खडू टेबलावर ठेवला. तो नीट ठेवता आला नाही; त्याचे दोन तुकडे झाले होते. ती त्या घोळक्यातून वाट काढत, कुणाचं काही न ऐकता, जिन्याच्या दालनातून थेट दारापर्यंत गेली.

फाटकाबाहेर बर्फात शारोल्टा उभी होती. नळापाशी नव्हती. फाटकाच्या गजांना लागून उभी होती, खांद्यांवर बर्फ घेऊन, हातात गरम पोगाच्यांची कागदी पिशवी. आत पिरोश्काकडे यायला निघाली, तर रखवालदाराने सोडलं नव्हतं.

"नामदिनाच्या शुभेच्छा, पिरोश्का," ती म्हणाली. "घे, निवतायत. गजांतून पिशवी जाईना, नाहीतर—"

"पोशाख आहे ना बरोबर? पोहायचा?"

"तो नेहमीच असतो. सवय."

"चला."

"कुठे?"

"पाण्यात."

शारोल्टाने तिच्याकडे बघितलं. "पहाटे ने मला, कुणी नसताना. धोब्यांच्या दाराने. मी येईन."

"त्या दाराने मळके टॉवेल जातात. तुम्ही पुढच्या दाराने जायचं. आणि आत्ता. त्या सगळ्यांच्या देखत. बघू, कोण अडवतं ते."

"पिरोश्का, अगं—"

पण पिरोश्काने तिचा दंड धरला होता. इबोयाने खिडकीतून पिरोश्काचा चेहरा बघितला आणि काही न विचारता फाटकाचं बटण दाबलं.

जुन्या रांगेपाशी लेव्हेन्ते अजून घोळक्याला काहीतरी सांगत होता. त्याने दोघींना येताना बघितलं, तेव्हा त्याचं बोलणं अडखळलं. पिरोश्काने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने बावीस नंबरची केबिन उघडली. ती शारोल्टाचीच केबिन. बॉयलरची ऊब तिथे सगळ्यात जास्त लागते. शारोल्टा आत गेली. दारामागे काठी भिंतीला टेकल्याचा आवाज आला, मग बुटांचा, मग बराच वेळ कसलाच नाही.

ती बाहेर आली, ती कधीकाळी निळ्या असलेल्या पोशाखात. खांद्याचा पट्टा पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला होता. पाय सुजून पांढरे पडले होते. पिरोश्काने तिच्या मनगटाला बिल्ला बांधला आणि नाडीला नीट गाठ मारली. पाटीवर खडूच्या तुकड्याने आकडा लिहिला, दार ओढलं आणि किल्ली फिरवली.

"बावीस," ती म्हणाली. "लक्षात ठेवा."

"विसरलेय कधी?"

आणि टाळ्या झाल्या.

आधी एकाने वाजवल्या, मग सगळ्यांनी. बॉयलरच्या भिंतीवर तो आवाज घुमला. कुणीतरी पुढे येऊन शारोल्टाच्या मनगटाकडे बोट केलं. बिल्ला जरा वर धरा, असं खुणेने सांगितलं. फोन वर गेले. लेव्हेन्तेच्या कपाळावरची आठी आधी उलगडली, मग तो हसला, मग त्यानेही टाळ्या वाजवल्या.

शारोल्टा उभीच होती. "हे कशासाठी?" तिने हळूच विचारलं.

पिरोश्काला वाटलं होतं, ते चिडतील. कुणी तक्रार करेल, लेव्हेन्ते तिला कामावरून काढण्याची धमकी देईल, आणि मग ती त्याला सगळं ऐकवेल. ऐकवायचं सगळं तिने रात्री अंथरुणात तोंडपाठ केलं होतं. टाळ्यांवर काय बोलायचं, ते तिच्याजवळ नव्हतं.

"चला," ती म्हणाली. "पाणी तिकडे आहे."

दोघी तलावाकडे निघाल्या. घोळका मागोमाग आला. शारोल्टाने कठडा धरला आणि उजवा पाय पहिल्या पायरीवरच्या पाण्यात ठेवला. नव्या वर्षापासून पहिल्यांदा. तिचे डोळे क्षणभर मिटले. मागे पुन्हा टाळ्या कडाडल्या.

तिने डोळे उघडले आणि पाय बाहेर काढला.

"शारीमावशी, उतरा. त्यांच्याकडे नका बघू. मी हाकलते त्यांना!"

"हाकलू नकोस. त्यांनी तिकीट काढलंय." शारोल्टाचा आवाज खोपटातून वाक्य द्यावं तसा खालचा आणि स्पष्ट होता. "मी जन्मभर टाळ्या ऐकल्यात, पिरोश्का. कुठल्या टाळ्यांचा काय अर्थ, ते मला न बघता कळतं. मला बावीस नंबर उघडून दे."

बॉयलरच्या रांगेपर्यंत फरशीवर तिच्या एकाच पायाचे ओले ठसे उमटत गेले.

पिरोश्काने दार उघडलं. शारोल्टा आत गेली, कपडे घालून, कोटाची सगळी बटणं लावून बाहेर आली. पोगाच्यांची पिशवी तिने टेबलावर ठेवली. पोहायचा पोशाख तिने घेतला नाही. तो केबिनीत खुंटीवर लटकत होता, कोरडाच. ती काठी टेकत पुढच्या दाराने निघून गेली, आणि ती गेल्यावर पिरोश्काच्या लक्षात आलं, की बिल्ला शारोल्टाच्याच मनगटावर, कोटाच्या बाहीत गेला. एवढ्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. पाटी पुसायला उचललेलं ओलं फडकं पिरोश्काने परत बादलीत टाकलं आणि दाराला कुलूप घातलं.

"मावशी, कमाल केलीत!" लेव्हेन्ते जवळजवळ धावतच आला. "मला आधी का नाही सांगितलंत? त्या आजींना म्हणावं, रोज या. तिकीट-बिकीट काही नको. फक्त दहाच्या सुमाराला या."

पिरोश्काने टेबलावरची पोगाच्यांची पिशवी उचलली. क्षणभर लेव्हेन्तेला वाटलं, ती आपल्या अंगावर फेकणार. पण पिशवी अजून गरम होती. पिरोश्काने ती छातीशी धरली आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

*

संध्याकाळी तिने झऱ्याच्या पाण्याचा कॅन भरला, टॉवेलात गुंडाळला आणि ट्रामने शारोल्टाच्या घरी गेली. त्या इमारतीत चौकाभोवती उघडे सज्जे होते. तिसऱ्या मजल्याच्या सज्ज्यावर शारोल्टाच्या स्वयंपाकघराची खिडकी. पिरोश्काने काचेवर टिचकी मारली. खिडकी उघडली, दार नाही.

"रोज बोलावलंय ना त्याने मला?" शारोल्टाने विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"प्रवेश रंगला की मॅनेजर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतोच."

"मी तो निरोप घेऊन नाही आले, मावशी. पाणी आणलंय. टबात ओतून पाय—"

"ट्राममध्ये गार झालं असेल."

"गॅसवर तापवू."

शारोल्टाने टॉवेलात गुंडाळलेल्या कॅनकडे बघितलं. मग म्हणाली, "तुला त्याचा राग आला होता. बरोबर आहे. मलाही येतो. पण राग तुझा होता, पिरोश्का, आणि पोशाखात उभी मी होते. मी तुला म्हटलं होतं, पहाटे ने."

"म्हटलं होतं," पिरोश्का म्हणाली. तिच्या तोंडून वाफ निघत होती.

"कॅन तिथेच ठेव. मी नंतर घेईन." खिडकीतून एक हात बाहेर आला. तळव्यावर पत्र्याचा बिल्ला होता, नाडीची गाठ न सोडता मनगटावरून ओढून काढलेला. "आणि हा घेऊन जा. चुकून आला माझ्याबरोबर."

पिरोश्काने बिल्ल्याकडे बघितलं. हात कोटाच्या खिशातून बाहेर काढला नाही.

"मी पाटी पुसलेली नाही," ती म्हणाली.

हात थोडा वेळ तसाच गारठ्यात राहिला. मग बोटं मिटली, आणि खिडकी बंद झाली.

*

दुसऱ्या दिवशी दहाला लेव्हेन्ते घोळका घेऊन आला. या वेळी पाहुणे जास्त होते. कालचा कुणीतरी काढलेला व्हिडिओ बराच फिरला होता. पिरोश्का रोजच्या निळ्या कामाच्या कोटात उभी होती.

"आजी नाही आल्या? बरं, असू दे. बावीस उघडा, मावशी. ही ताई आत जाईल."

"बावीसमध्ये बाई आहे."

"कोण बाई?"

"पाण्यात आहे."

लेव्हेन्ते हसला. "मावशी, त्या काल गेल्या. मी स्वतः बघितलं जाताना."

"बिल्ला परत आलेला नाही."

"मग तुम्ही पुसून टाका ना पाटी!"

"बिल्ला आला की पुसेन."

त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला. गोडवा पुसला गेला, आणि पिरोश्काला पहिल्यांदा त्याचं खरं तोंड दिसलं, तिच्यासारखंच रागावलेलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी कुलूप तोडून घेईन."

"घ्या. हे सगळे बघतायत तोवर घ्या."

मागे कुजबूज सुरू झाली. ज्या पाहुणीला आत जायचं होतं, तिने काहीतरी विचारलं. लेव्हेन्तेने उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने मान खाली घालून, परक्या भाषेत, पिरोश्काचेच दोन-तीन शब्द सांगितले.

कुणी हसलं नाही. फोन खाली आले. एकेकाने मान वळवली आणि सगळे तलावाकडे बघू लागले. तिथे वाफेत काही डोकी तरंगत होती, आणि त्यांतली ती कोण असेल, ते शोधत लोक उभे राहिले.

पिरोश्काने किल्ली कमरेच्या पट्ट्यात खोचली आणि पुढच्या दाराकडे तोंड करून आपल्या जागी बसली.